चाके रुंदावली, जबाबदारी कोणाची?

मुंबईत कुर्ल्याहून कलिन्याकडे जाणाऱ्या सीएसटी रस्त्यावर मोटारी सजवून देणाऱ्या दुकानांची रांग आहे. सुट्टीच्या दिवशी येथे गाड्या एकामागोमाग उभ्या असतात. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, जादा दिवे आणि अलॉय चाके ही येथील जुनी गिऱ्हाइकी. अलीकडच्या काळात या यादीत आणखी एका वस्तूची भर पडली असून तिचे नाव व्हील स्पेसर असे आहे. दिसायला ती ॲल्युमिनिअमची एक साधी जाड चकती. मोटारीचा हब आणि चाकाची रिम यांच्यामध्ये ती बसवली की चाक तेवढ्या जाडीने बाहेर येते, टायर मडगार्डच्या कडेशी सपाट होतो किंवा त्याच्याही बाहेर डोकावतो आणि गाडी रुंद, दणकट दिसू लागते. थार, जिम्नी, स्कॉर्पिओ यांसारख्या गाड्यांच्या मालकांना तर ही हौस विशेष. स्विफ्टसारख्या छोट्या गाड्याही त्यात मागे नाहीत.

हौसेपलीकडेही स्पेसर बसवण्याची काही कारणे असतात. बाजारातून घेतलेल्या अलॉय चाकाचे माप मूळ चाकाशी जुळत नाही, ते आतल्या बाजूने सस्पेन्शनला किंवा ब्रेक कॅलिपरला घासते, तेव्हा दुकानदार चाक बदलून देण्याऐवजी पाच-दहा मिलिमीटरची चकती मध्ये घालून गिऱ्हाईक मोकळे करतो. चूक मापाची, दुरुस्ती चकतीची. काही हजार रुपयांत आणि तासाभरात होणारे हे काम असल्याने त्याकडे गंभीरपणे पाहण्याची गरज मालकाला वाटत नाही आणि ते करून देणाऱ्यालाही वाटत नाही.

वास्तविक मोटारीतील ज्या मोजक्या सांध्यांवर माणसाचा जीव थेट अवलंबून असतो, त्यांपैकी हा एक आहे. इंजिन बंद पडले तर गाडी थांबते. चाक निसटले तर गाडीचे काय व्हायचे ते होतेच, पण ते चाक स्वतंत्रपणे धावत सुटते आणि समोर जो येईल त्याला गाठते.

साप्पोरोचा धडा

जपानच्या साप्पोरो शहरात नोव्हेंबर २०२३ मध्ये नेमके हेच घडले. धावत्या जिम्नीचे पुढचे चाक निखळले, उतारावरून घरंगळत पदपथावर गेले आणि तेथून चालणाऱ्या चार वर्षांच्या मुलीवर आदळले. मुलगी अत्यवस्थ झाली. या गाडीत टायर बाहेर येतील असे बेकायदा फेरफार केलेले होते आणि चाकाचे नट सैल झाले होते, असे तपासात पुढे आले. २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने चालकाला दोषी ठरवले. तुरुंगवासाची शिक्षा झाली, मात्र तिच्या अंमलबजावणीस स्थगिती देण्यात आली. सौम्य शिक्षेवरून जपानमध्ये नाराजी उमटली. त्याहीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की, मोटारींच्या तपासणीबाबत जगात सर्वाधिक काटेकोर मानल्या जाणाऱ्या देशांत गणना होणाऱ्या जपानमध्ये जर असे होऊ शकते, तर खासगी मोटारीकडे वर्षानुवर्षे कोणी ढुंकूनही न पाहणाऱ्या आपल्या व्यवस्थेचे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी स्पेसरमध्ये धोका नक्की कोठे असतो, हे पाहणे आवश्यक आहे. कारण स्पेसर म्हटले की एकतर सरसकट विरोध किंवा ‘काही होत नाही’ अशी बेफिकिरी, या दोनच टोकांवर चर्चा अडकते. प्रत्यक्षात पोर्शसारखी नामवंत कंपनी स्वतःच आपल्या मोटारींसाठी पाच मिलिमीटरचे स्पेसर विकत आलेली आहे. मात्र त्यांच्यासोबत त्या जाडीला साजेसे लांब बोल्टही दिले जातात. धोक्याचे मूळ चकतीत कमी आणि ती ज्या पद्धतीने बसवली जाते त्यात अधिक आहे.

भार स्टडवर नसतो

भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक मारुती, टोयोटा, होंडा व महिंद्रा गाड्यांच्या हबमध्ये कारखान्यातच दाबून बसवलेले स्टड असतात आणि चाक त्यांवर नटांनी आवळले जाते. फोक्सवॅगन, स्कोडा, मर्सिडीज यांसारख्या युरोपीय घराण्यातील गाड्यांत स्टड नसतात. तेथे चाकातून थेट हबमध्ये बोल्ट जातो. सर्वसामान्य समज असा की गाडीचे वजन या चार-पाच स्टडांवर टांगलेले असते. तसे ते नसते. नट आवळला की स्टड अतिसूक्ष्म प्रमाणात ताणला जातो आणि रबर बँडसारखा चाकाला हबवर खेचून धरतो. बारा मिलिमीटर जाडीच्या स्टडवरील नट शंभर न्यूटन-मीटरने आवळला तर कोरड्या आट्यांचा हिशेब धरता सुमारे चार टनांचा दाब निर्माण होतो. चार स्टडांचे झाले सोळा टन. या दाबामुळे रिमची पाठ आणि हबचे तोंड यांच्यात जे घर्षण तयार होते, तेच खरे गाडीचे वजन, ब्रेकचा झटका आणि वळणावरचा रेटा सहन करते.

दाब टिकून आहे तोवर स्टडला फारसे काही सोसावे लागत नाही. तो कमी झाला की चाक हबवर सूक्ष्म प्रमाणात सरकू लागते आणि प्रत्येक फेऱ्याला स्टड वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. १८५/६५ आर १५ मापाचा टायर एका किलोमीटरमध्ये सुमारे ५१० फेरे घेतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे एक अंतर कापताना हा आकडा ४८ हजारांच्या आसपास जातो. लोखंडाची तार वाकवून-वाकवून तोडावी, तशी ही क्रिया. एक स्टड तुटला की त्याचा वाटा उरलेल्यांवर येतो आणि मग शेवट लवकर होतो. चाक निखळण्याच्या घटना घरासमोर न होता भर रस्त्यात, वेगात असताना होतात, त्याचे कारण हेच आहे.

आता या रचनेत स्पेसर आणून पाहावा. सरकवून बसवण्याच्या प्रकारात चकती नुसती स्टडांवर ओवली जाते आणि चाक मूळच्याच स्टडांवर, मूळच्याच नटांनी आवळले जाते. चकती जेवढी जाड, तेवढी स्टडची लांबी ती खाऊन टाकते. मारुतीच्या स्टडवरील आटे सव्वा मिलिमीटर अंतराचे असतात. म्हणजे पाच मिलिमीटरच्या चकतीमुळे नटाचे चार फेरे कमी होतात आणि दहा मिलिमीटरच्या चकतीमुळे आठ. मूळ नट अकरा फेरे बसत असेल, तर दहा मिलिमीटरच्या चकतीनंतर तो जेमतेम तीन फेऱ्यांवर उभा असतो. बाहेरून पाहताना काहीच फरक दिसत नाही, कारण बहुतेक नट तोंड बंद असलेले असतात. चाक घट्ट बसल्यासारखेच वाटते, पाना अडतो, मालक समाधानाने पैसे देतो.

यांत्रिकी क्षेत्रात सर्वमान्य असलेला दंडक असा की, स्टडची जाडी जेवढी, किमान तेवढ्या लांबीचे आटे नटात गुंतलेले असावेत. बारा मिलिमीटरच्या स्टडवर दीड मिलिमीटरचे आटे असतील, जसे टोयोटा आणि होंडाच्या गाड्यांत असतात, तर नटाचे पूर्ण आठ फेरे व्हायला हवेत. सव्वा मिलिमीटरचे आटे असतील तर जवळपास दहा. नट हाताने फिरवत फेरे मोजणे ही या संपूर्ण विषयातील सर्वांत स्वस्त चाचणी आहे. तिला यंत्र लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. फिटरच्या हातातील एअर गनमुळे मात्र ती कोणी करत नाही. एका ‘टर्रर्र’ आवाजात तीन फेरे आणि दहा फेरे सारखेच वाटतात.

केंद्र हुकले की

दुसरा मुद्दा हबच्या मध्यभागी असलेल्या गोल उंचवट्याचा. रिमच्या मधले भोक या उंचवट्यावर अचूक बसते आणि चाक बरोबर केंद्रात येते. स्विफ्टसारख्या गाडीत हे माप ५४.१ मिलिमीटर आहे. येथे मिलिमीटरच्या दहाव्या भागालाही अर्थ आहे. सरकवण्याची चकती जाड असेल तर ती हा उंचवटा झाकून टाकते आणि चाकाला बसायला काहीच उरत नाही. चांगल्या प्रतीच्या स्पेसरला म्हणूनच पुढच्या बाजूने स्वतःचा तेवढ्याच मापाचा उंचवटा असतो. बाजारात एकच चकती अनेक गाड्यांना चालावी म्हणून मधले भोक मोठे आणि स्टडांची छिद्रे लांबट ठेवलेली असतात. ‘युनिव्हर्सल’ या शब्दाचे आकर्षण येथे घातक ठरते. सर्वांना बसणारी वस्तू कोणालाच नीट बसत नाही. चाक केवळ नटांच्या आधारे अंदाजे केंद्रात येते, ऐंशीच्या वेगाला स्टेअरिंग थरथरू लागते, मालक बॅलन्सिंग करून घेतो, पुन्हा करून घेतो, आणि थरथर काही जात नाही. ही थरथर नट सैल करण्याचे काम मात्र इमाने-इतबारे करत राहते.

वीस-पंचवीस मिलिमीटरहून जाड स्पेसरचा प्रकार निराळा आहे. त्यात चकती स्वतःच्या नटांनी मूळ स्टडांवर आवळली जाते आणि चकतीत बसवलेल्या नव्या स्टडांवर चाक बसते. मूळ स्टडांवरील आटे येथे शाबूत राहतात, म्हणून तुलनेने ही पद्धत बरी. परंतु एका सांध्याचे दोन सांधे होतात. आतले नट चाकाआड लपलेले असल्याने ते सैल झाले तरी दिसत नाहीत, तपासायचे तर प्रत्येक वेळी चाक उतरवावे लागते. शिवाय मूळ स्टड चकतीच्या जाडीपेक्षा लांब असतील तर त्यांची टोके बाहेर येऊन रिमच्या पाठीला टेकतात. मग नट कितीही आवळा, चाक चकतीवर बसतच नाही, ते स्टडांच्या टोकांवर टेकलेले असते. काही फिटर यावर उपाय म्हणून स्टडची टोके ग्राइंडरने कापतात. कंपनीने बसवलेला स्टड असा कापणे म्हणजे परतीचा रस्ता बंद करणे होय, कारण उद्या स्पेसर काढला तर मूळ चाकाला पुरेसे आटे उरत नाहीत.

तिसरा मार्ग मूळ स्टड दाबून काढून लांब स्टड बसवण्याचा. रीतसर केले तर तो सर्वांत भरवशाचा, पण सर्वांत किचकटही आहे. स्टडच्या मानेवर उभ्या दातांची पट्टी असते. ती हबच्या छिद्रात घट्ट रुतते आणि स्टडला फिरू देत नाही. नव्या स्टडचे हे दाते जाडीने कमी भरले तर नट आवळताना स्टड जागच्या जागी फिरतो. जास्त भरले तर हबला तडा जाण्याची भीती. स्टड हायड्रॉलिक प्रेसने बसवायचे असतात. प्रत्यक्षात हातोड्याने ठोकण्याचा किंवा वॉशर लावून एअर गनने ओढून घेण्याचा प्रकार सर्रास चालतो. हातोड्याचा मार हबवाटे थेट बेअरिंगला बसतो. लांब स्टडांचा आणखी एक छुपा दोष स्टेपनी लावताना उघड होतो. पंक्चर झाले, चाक बदलायचे आहे आणि घाईत स्पेसरही काढून ठेवला, तर बंद तोंडाचा नट लांब स्टडच्या टोकाला आतून टेकतो. पाना अडतो, नट घट्ट भासतो, पण स्टेपनीवर दाब आलेलाच नसतो. रात्री, पावसात, घाटातल्या वळणावर चाक बदलणाऱ्याला हे कळण्याचा काहीही मार्ग नाही.

नट, पाना आणि गंज

नटांच्या आकाराकडेही असेच दुर्लक्ष होते. होंडाच्या मूळ नटाचे बूड गोलाकार असते, टोयोटाच्या अनेक मूळ अलॉय चाकांचे नट सपाट वॉशरचे, तर बाजारातील बहुतेक चाकांना साठ अंशांचे शंकूसारखे निमुळते बूड लागते. मूळ नट तसेच नव्या चाकाला लावले की नट आणि रिम यांचा स्पर्श एका बारीक कडेपुरता उरतो. काही दिवसांत ती कड झिजते, दाब नाहीसा होतो.

गंजाचे तर विचारायलाच नको. कोकण किनारपट्टीवर किंवा मुंबईच्या दमट हवेत चार-पाच पावसाळे काढलेल्या हबच्या तोंडावर गंजाचा थर असतोच. तारेच्या ब्रशने तो खरवडून धातू उघडा केल्याशिवाय चकती बसवली, तर आवळताना सगळे ठीक वाटते, पुढे गंजाचा भुगा होतो आणि तेवढी पोकळी तयार होते. ब्रेकची तबकडी हबवर धरून ठेवणारे छोटे स्क्रू वर आलेले असतील तर चकती त्यांवर तरंगते. रंग, स्टिकर, वंगण यांपैकी काहीही या तोंडावर असता कामा नये. आट्यांना ग्रीस किंवा तेल लावण्याची सवयही उपयोगाची नाही, कारण कंपनीने दिलेला टॉर्क कोरड्या आट्यांसाठी असतो. वंगण असेल तर त्याच टॉर्कमध्ये स्टड अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक ताणला जातो आणि कायमचा लांबतो.

टॉर्क म्हणजे आवळण्याचा जोर. छोट्या व मध्यम गाड्यांसाठी तो साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो आणि गाडीच्या पुस्तिकेत नेमका दिलेला असतो. तो मोजणारा टॉर्क रेंच ही काही चैनीची वस्तू नव्हे. तरीही रस्त्याकडेच्या टायरवाल्यांकडे तो अभावानेच आढळतो आणि सजावटीच्या दुकानांत असला तरी भिंतीवर लटकलेला असतो. एअर गनने आवळायचे, वर पान्यावर उभे राहून एक लाथ मारायची, हीच आपली प्रमाणपद्धत. खरे म्हणजे नवा सांधा पहिल्या पन्नास ते शंभर किलोमीटरमध्ये ‘बसतो’. रंगाचे थर, सूक्ष्म उंचवटे दबतात आणि दाब थोडा उतरतो. म्हणून तेवढे अंतर चालल्यावर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासणे अत्यावश्यक असते. स्पेसर बसवून गेलेल्या गिऱ्हाइकाला यासाठी परत बोलावणारा दुकानदार सापडणे कठीण. गिऱ्हाईकही त्याच संध्याकाळी लोणावळ्याचा रस्ता धरतो.

चकतीच्या धातूचा विषय यापुढचा. घडीव ॲल्युमिनिअम मिश्रधातूपासून, उदाहरणार्थ ६०६१-टी६ किंवा ७०७५ या प्रतीच्या धातूपासून, कातलेला स्पेसर आणि भंगारातील ॲल्युमिनिअम ओतून लेथवर गुळगुळीत केलेला स्पेसर डोळ्यांना सारखेच चकचकीत दिसतात. ओतीव धातूच्या पोटात बुडबुडे असतात आणि खड्ड्यातील आदळ्याने तेथूनच तडा सुरू होतो. आपल्या रस्त्यांवर आदळ्यांची वानवा नाही.

हे सारे नीट केले, तरी एक किंमत मोजावीच लागते. चाक जेवढे बाहेर जाते तेवढी हबच्या बेअरिंगवरील तरफ वाढते. मूळ रिमचा ऑफसेट ४५ असेल आणि २५ मिलिमीटरचा स्पेसर लावला तर तो २० वर येतो, एका आसावरील दोन चाकांमधले अंतर पाच सेंटिमीटरने वाढते. पुढच्या चाकांच्या बाबतीत स्टेअरिंगचे गणितही बिघडते. एका चाकाखाली खड्डा आला की स्टेअरिंगला पूर्वीपेक्षा जोराचा हिसका बसतो, पाणी साचलेल्या भागात एकच चाक गेले तर गाडी त्या बाजूला ओढली जाते. रुंद झालेली गाडी वळणावर अधिक स्थिर वाटते, हे खरे आहे, आणि ‘स्टॅबिलिटी वाढते’ हा दुकानदाराचा दावा तेवढ्यापुरता चुकीचा नाही. बेअरिंगच्या आयुष्याबद्दल मात्र तो बोलत नाही.

कायद्यातील धूसर जागा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ स्पष्ट करताना केरळ उच्च न्यायालयाचा मवाळ निर्णय रद्द केला आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारे फेरफार चालणार नाहीत असे बजावले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कायद्यात कलम १८२-अ आले. त्यानुसार नियमांत न बसणारा फेरफार, त्यात बाहेरून बसवलेले सुटे भागही आले, करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

वाचताना हे सारे कडक वाटते. पण स्पेसरला ते लागू होते का? कलम ५२ च्या स्पष्टीकरणात फेरफार म्हणजे वाहनाच्या रचनेत केलेला असा बदल की ज्याने त्याचे मूलभूत स्वरूप बदलते, असे म्हटले आहे. मोटारीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर रंग असतो, इंजिन क्रमांक असतो, आसनसंख्या असते. एका आसावरील दोन चाकांमधले अंतर नसते. तेव्हा तीन मिलिमीटरची चकती बसवल्याने प्रमाणपत्राशी विसंगती झाली असे म्हणता येईल काय, आणि तीस मिलिमीटरच्या चकतीने झाली असे म्हणायचे तर रेषा कोठे ओढायची, याचे उत्तर कायद्याच्या शब्दांत मिळत नाही. हा अर्थ लावण्याचे काम शेवटी रस्त्यावरील वायुवेग पथकाच्या निरीक्षकावर येऊन पडते. त्याच्याकडे ना मापनयंत्र, ना चाक उतरवून पाहण्याची सोय.

परिणामी कारवाई होते ती डोळ्यांना दिसणाऱ्या आणि कानांना ऐकू येणाऱ्या गोष्टींवर. केरळमध्ये ऑगस्ट २०२१ मध्ये यूट्यूबवर प्रसिद्ध असलेल्या दोघा भावांची सजवलेली गाडी कन्नूर येथे जप्त झाली, तेव्हा देशभर चर्चा झाली. महाराष्ट्रात बुलेटचे कर्णकर्कश सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडण्याचे कार्यक्रम वेळोवेळी होतात आणि त्यांची छायाचित्रेही छापून येतात. सायलेन्सर आवाज करतो, म्हणून तो सापडतो. स्पेसर शांत असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून वेग, सीट बेल्ट, मार्गिका या सर्वांवर कॅमेऱ्यांची नजर आहे. हबवरील नट किती फेरे बसला आहे हे कोणत्याही कॅमेऱ्याला दिसत नाही.

आणखी एक विसंगती नमूद करायला हवी. मोटारीचे प्रत्येक नवे मॉडेल बाजारात येण्यापूर्वी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावे लागते. अलॉय चाकांसाठी भारतीय मानक आहे. पण याच दोन तपासलेल्या वस्तूंच्या मध्ये बसणाऱ्या चकतीवर आयएसआय चिन्ह दिसत नाही, धातूची प्रत कोरलेली नसते, कोणत्या गाडीसाठी ती बनवली याचीही खूण नसते. सुटे भाग विकणाऱ्यांसाठीही कलम १८२-अ मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही अशी तरतूद आहे. मात्र ती केंद्र सरकारने ‘सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग’ म्हणून अधिसूचित केलेल्या वस्तूंपुरतीच मर्यादित आहे. याचा अर्थ फेरफाराचा बडगा उगारायचा तर तो मालकावर. माल विकणारा आणि बसवणारा सहसा मोकळा.

विम्याच्या बाबतीतही मालकाचीच पंचाईत होते. कंपनीला न कळवलेला फेरफार हा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारण्यासाठी पुरेसा आधार ठरू शकतो आणि हब, बेअरिंग, सस्पेन्शन यांवरील वॉरंटीही अशा गाडीला सहसा मिळत नाही.

बंदी हा उपाय आहे?

जर्मनीने बंदीचा मार्ग स्वीकारलेला नाही. तेथे स्पेसर उघडपणे विकले जातात. परंतु त्यांच्यासोबत तांत्रिक तपासणीचा अहवाल असतो. कोणत्या मॉडेलला, किती जाडीपर्यंत, किती लांबीच्या बोल्टांसह ते चालतील याचा तपशील त्यात दिलेला असतो. अनेक स्पेसरच्या बाबतीत ते बसवल्यानंतर गाडी टीयूव्हीसारख्या संस्थेच्या तज्ज्ञाला दाखवून कागदपत्रांत नोंद करून घ्यावी लागते. हे टाळल्यास गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच संपुष्टात येऊ शकतो. जपानने २०१७ मध्ये नियम किंचित सैल केले. टायरचा भाग दहा मिलिमीटरपर्यंत बाहेर असला तरी चालेल, मात्र रिम आणि नट मडगार्डच्या आतच हवेत. म्हणजे मिलिमीटरमध्ये सांगितलेली मर्यादा आहे आणि ती पट्टी लावून कोणालाही मोजता येते.

आपल्याकडे अशी मर्यादा ठरवणे अवघड नाही. एआरएआय पुण्यातच आहे, चाकांचे मानक आधीच तयार आहे आणि स्पेसरची चाचणी चाकाच्या चाचणीपेक्षा फार वेगळी असण्याचे कारण नाही. अडचण आहे ती मानकानंतरच्या टप्प्याची. वाहतुकीच्या वाहनांना ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, पण खासगी मोटारीची नोंदणी थेट पंधरा वर्षांसाठी होते. या काळात पीयूसी केंद्रावर धूर तपासला जातो, चाके कोणी तपासत नाही. जर्मनीत व जपानमध्ये नवी खासगी मोटार तिसऱ्या वर्षी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी तपासणीला उभी राहते.

पाच दरवाजांची जिम्नी मारुती सुझुकीच्या भारतातील कारखान्यात तयार होते. जून २०२३ मध्ये ती आपल्याकडे विक्रीस आली आणि २०२५ पासून ‘नोमेड’ या नावाने जपानला निर्यात होऊ लागली. जपानमध्ये २०२५ साली घेतलेल्या या गाडीची चाके, नट आणि मडगार्ड यांची पहिली सक्तीची तपासणी २०२८ मध्ये होईल. भारतात जून २०२३ मध्ये घेतलेली तीच गाडी, मालकाने मधल्या काळात तिला कोणतीही चकती लावलेली असो, परिवहन निरीक्षकासमोर पहिल्यांदा उभी राहील ती २०३८ मध्ये.